माझं मी लावून आलेय

कमळआत्याच्या टपरीवर पहिल्यांदा येणारा माणूस हमखास गोंधळायचा. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखरे सोडलं की रस्त्याच्या कडेला तिचं कुडाचं खोपटं होतं. पुढे दोन बाकडी, वर निळी ताडपत्री. पावसाळ्यात धबधबे बघायला निघालेल्या गाड्या तिथे थांबायच्या. गाडीतला माणूस आळोखेपिळोखे देत उतरायचा, "मावशी, चार कटिंग," म्हणायचा, आणि कमळआत्या पातेल्यातला चहा बशीत ओतून आधी स्वतः प्यायची. जिभेवर घोळवायची आणि मग निकाल द्यायची.

"आज बरा झालाय. घ्या."

किंवा, "आज मजा नाय आली. पावडर बदललेय. पायजे त घ्या, नायतर फुडं हाटेल हाय."

स्वतःच्या गिऱ्हाइकाला पुढच्या हॉटेलात पाठवणारी बाई बघून लोक हसायचे आणि तोच चहा घ्यायचे. एखादा खूश होऊन म्हणायचा, "मावशी, एक नंबर चहा!" त्यावर ती मान वर न करता म्हणायची, "माहिताय मला." यात तोरा नसायचा. बाहेर पाऊस पडतोय असं कोणी सांगावं आणि आपण हो म्हणावं, तसं ते असायचं. कोणी नाक मुरडलं तरी आवाज तोच. "मी चाखलाय. साखर बरोबर हाय. तुला जास्ती लागत असंल त वरनं टाकते."

मला तिच्या या 'माहिताय मला'ची फार लाज वाटायची. तसं पाहिलं तर मला कशाची लाज वाटत नाही, तेवढंच सांगणं सोपं. आईच्या बोलण्याची वाटायची, म्हणून डी.एड.ला गेल्यावर मी 'नाय'चं 'नाही' करून टाकलं. मग शुद्ध बोलते म्हणून गावातल्या बाया हसल्या, तर त्याची वाटली. मोबाइलवर स्टेटस ठेवलं की ते कोणी कोणी पाहिलं हे मी घटकेघटकेला उघडून बघते, आणि बघते याचीही लाज वाटते. अशा माणसाच्या शेजारी देवाने कमळआत्याचं घर ठेवलं होतं. देवालाही कधीकधी गंमत सुचते.

ती माझी सख्खी आत्या नव्हे. घराला घर लागून, आणि माझ्या वडिलांना राखी बांधायची म्हणून आत्या. तिचं लग्न कसाऱ्याकडे झालं होतं. नवरा तिथेच नोकरीला. दोन-तीन वर्षांत त्याने दुसरी बाई घरात आणली आणि हिला एका सकाळी एसटीत बसवून दिली. सोडचिठ्ठी नाही, भांडण नाही. ती माहेरी आली ती कायमची. आमच्याकडे अशा बाईला 'टाकलेली' म्हणतात, आणि हा शब्द तिच्या देखत म्हणायलाही कोणी कचरत नाही. मी जन्मले तेव्हा ती हे सगळं भोगून बसलेली होती. मला आठवते ती सुटसुटीत, काटक, काष्ट्याचं लुगडं गुडघ्याला खोचलेली आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेली बाई.

आता हे कुंकूच आमच्या गावाची मोठी पंचाईत होती.

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्या चुलतीकडे, गोदाकाकूकडे असायचं. गोदाकाकू म्हणजे गावातल्या बायकांचं हायकोर्ट. कोणाला किती मान, कोणाची ओटी आधी, कोणाच्या दारात कोणत्या पायाने शिरायचं, सगळं तिला पाठ. पडवीत बायका रांगेने बसायच्या आणि गोदाकाकू करंडा घेऊन एकेकीच्या कपाळाला बोट लावत पुढे सरकायची. कमळआत्यापाशी आली की तो हात अडखळायचा. नवरा जिता आहे, म्हणजे सवाष्ण. पण नवऱ्याने टाकलेली, म्हणजे तिला हात लागला तर अपशकुन. लावावं तर शेजारची नवी सून काय म्हणेल, न लावावं तर समोर बसलेली बाई. मग गोदाकाकू म्हणायची, "तू काय घरचीच," आणि तिच्या हातावर तिळगूळ ठेवून पुढच्या कपाळाकडे वळायची. असं बरीच वर्षं चाललं, असं आई सांगायची.

मी बघितलं ते मात्र वेगळं. माझ्या आठवणीतल्या प्रत्येक संक्रांतीला करंडा आपल्यापाशी यायच्या आधीच कमळआत्या मोठ्याने सांगायची, "गोदावहिनी, माझं मी लावून आलेय. तू बाकीच्यांना लाव." गोदाकाकूचा जीव भांड्यात पडायचा. बायका हलक्या व्हायच्या. कमळआत्या तिळगूळ खायची, उखाण्यांना हसायची आणि तिच्या ताज्या कुंकवाखाली घामाचे थेंब चमकायचे. लहानपणी मला वाटायचं, ही किती शहाणी, घरूनच लावून येते, रांगेत ताटकळायला नको. ती तसं का म्हणायची ते कळायला माझं कपाळ मोकळं व्हावं लागलं.

एकदा, पावसाळा सरून गाड्या थांबायच्या बंद झाल्या होत्या तेव्हा, ती टपरीवर शेंगा निवडत होती आणि मी समोर बसले होते. नुकतीच नोकरीला लागले होते. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी सगळ्यांसमोर दुसऱ्या बाईंचं कौतुक केलं होतं आणि माझ्या वर्गाकडे नुसतं डोकावून पुढे गेले होते. मी ते गेला आठवडाभर चघळत होते. मी तिला विचारलं, "आत्या, तुला कधी काही वाटलंच नाही का गं लोकांचं?"

"नाय कसं? तुझ्यापरीस जास्ती वाटायचं," ती म्हणाली. "माहेरी आले तवा मी लय राबायची. कोणाकडं लगीन निघालं की बोलवायच्या आदी मी हजर. भाकऱ्या थापायला मी, भांडी घासायला मी. आन् डोळं सगळं हिच्या तोंडाकडं, तिच्या तोंडाकडं. कोण बरं बोलतंय का. बोललं कोणी, की दोन दिस पोट भरल्यावाणी वाटायचं. तिसऱ्या दिशी परत भूक."

"मग?"

"मग काय? येका लग्नात पंगती उठल्या. भाकरीचं कोणी नावबी काढलं नाय. येक उरली व्हती, ती मी चुलीम्होरं बसून खाल्ली. आन् मंगल, भाकरी चांगली व्हती गो! पापुद्रा असा सुटलेला. मी म्हटलं, कमळ, ही तू केलीस. कोणी बोललं नाय म्हणून ही काय वायट झाली?"

तिने शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला. मला वाटलं, गोष्ट संपली. मी म्हणाले, "म्हणजे त्या दिवसापासून तुला लोकांचं काही वाटेनासं झालं."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी पहिलीच्या पोराला येणारं गणित चुकवलं होतं. "येका दिसात? कुंकू काय येकदा लावलं की जल्मभर ऱ्हातं? रोज आंघुळ केली की जातं. रोज लावाय लागतं."

स्वतःला 'कमळ' म्हणून हाक मारायची ही तिची सवय खरीच होती. संध्याकाळी टपरी आवरताना पातेली घासता घासता तिचं चालू असायचं. "कमळ, भजी बरी झाली आज." "कमळ, त्या म्हातारीला तू वाकडं बोललीस, ते नाय बरं केलंस." ऐकणाऱ्याला वाटायचं बाई जरा सरकली आहे. पण तो तिचा दिवसाचा निवाडा असायचा आणि त्यात ती स्वतःला काही सूट द्यायची नाही. एकदा मुंबईकडची मोटारसायकलवाली पोरं थांबली. पाऊस धो धो. ताजं पीठ भिजवायला वेळ नव्हता, म्हणून तिने आदल्या दिवशीच्या उरलेल्या पिठाची भजी तळून दिली. पोरं मिटक्या मारत खाऊन गेली, वर 'मावशी जिंदाबाद' ओरडून गेली. दुसऱ्या दिवशी ती घुश्शात. आईने विचारलं तर म्हणाली, "ती गोड गोड बोलली गो. पण पीठ कालचं व्हतं." जगाने शाबासकी दिली तरी तिच्या कोर्टात ती दोषीच. त्यानंतर उरलेलं पीठ ती संध्याकाळीच कोंबड्यांना घालू लागली.

याचा त्रास आम्हालाही व्हायचा, हे सांगितलंच पाहिजे. माझ्या आईचा तिच्यावर फार जीव. आईने एका दिवाळीला स्वतः हाताने शिवलेली वाकळ तिला दिली. कित्येक दिवस खपून, जुन्या लुगड्यांचे तुकडे रंग बघून जोडलेले. वर आई लाजत म्हणाली, "कमळ, तू हायस म्हणून मला या गावात आधार वाटतो." आईने असं तोंडाने बोलणं म्हणजे नवलच. कमळआत्या वाकळ उलटी सुलटी बघत म्हणाली, "टाका बारीक हाय. चांगली झालेय." आणि त्या दुसऱ्या वाक्याला उत्तरच नाही. आई घरी येऊन रडली. "येकदा तरी बरं वाटलं म्हणायचं की! मी काय तिला सर्टिफिकेट देत व्हते?" लोकांच्या बोलण्यासाठी तिने दार लावून घेतलं होतं, आणि त्या दारातून मायाही आत जाताना अडखळायची. ती वाकळ मात्र तिने शेवटपर्यंत पांघरली.

मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते, तेव्हा कसाऱ्याहून निरोप आला. कमळआत्याचा नवरा गेला. निरोप घेऊन आलेला माणूस दिराचा मुलगा. तो म्हणाला, काकी, रीतीप्रमाणे जे काय करायचं ते करून घ्या. तिकडे येऊ नका, तिकडे दुसरी आहे.

तासाभरात गावातल्या बायका तिच्या अंगणात जमल्या. पुढे गोदाकाकू. मी आईच्या मागे उभी. काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं. बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं. इतकी वर्षं जे कपाळ कोणाला समजत नव्हतं, ते आज एकदाचं सगळ्यांना स्पष्ट समजलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या अंगणात दुःखापेक्षा मोकळं वाटणंच जास्त होतं.

कमळआत्या उंबऱ्यात बसली होती. गोदाकाकू पुढे झाली, तिचा हात वर आला. तेव्हा कमळआत्या शांतपणे म्हणाली, "थांब वहिनी. माणूस गेलाय, आंघुळ तरी करूं दे."

ती मोरीत गेली. डोक्यावरून पाणी घेतल्याचा आवाज आम्ही सगळ्या ऐकत होतो. बाहेर आली तेव्हा केस मोकळे, पाठीवर पाणी गळतंय, आणि कपाळ कोरं. तिला तसं मी कधीच बघितलं नव्हतं. तिचे डोळे लाल होते. बायकांनी एकदम सुस्कारा सोडला. कोणीतरी पुटपुटलं, "स्वतःच पुसलंन, बरं झालं."

कमळआत्याने केस टॉवेलात गुंडाळले. कोनाड्यातला हात-आरसा आणि करंडा घेतला, उजेडासाठी दारात येऊन बसली आणि रोजच्यासारखं बोट बुडवून कुंकू लावलं. रोजच्याएवढंच, रुपयाएवढं.

गोदाकाकूचा आवाज फुटला. "कमळ! याड लागलं का तुला? कोणाच्या नावाचं लावतेस आता?"

"तो जिता व्हता तवा लावाय तुझा हात आला नाय वहिनी," कमळआत्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आता पुसाय कसा येतो? त्याच्या नावाचं त्यानंच पुसलंन, मला एसटीत बसवलंन तवा. हे माझं हाय. माझं मी लावते."

गोदाकाकू फणकाऱ्याने निघून गेली आणि तिच्यामागे बाकीच्या. आई मागे राहिली. मी आईचा पदर ओढत होते, चल म्हणून. मला वाटत होतं सगळं गाव आमच्याकडे बघतंय. आईने पदर सोडवून घेतला आणि चूल पेटवायला बसली. रडलीस का गो, तिने विचारलं तेव्हा कमळआत्या म्हणाली, "थोडी. चांगला दिसायचा तो."

यानंतर गावाने तिला सुखाने बसू दिलं असं नाही. संक्रांतीचं बोलावणं बंद झालं. नवी नवरी गावात आली की तिची वरात टपरीपुढून जाताना रस्त्याच्या पलीकडून नेत. तिच्या सख्ख्या पुतणीच्या लग्नात हळदीच्या दिवशी ती मांडवात मागे जाऊन बसली, तर नवरीच्या मावशीने येऊन तिच्या कानात काहीतरी सांगितलं. ती उठली, शेवटच्या पंगतीला जेवली आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी टपरी बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मी विचारलं तर म्हणाली, "लागलं गो. पोरीला मी काखेत वाढवलेली." मग म्हणाली, "उद्या उघडते." आणि उघडली.

माझं लग्न किन्हवलीकडे झालं. माणूस चांगला होता. बारा वर्षं संसार झाला आणि एका दुपारी शेताच्या बांधावर त्याला छातीत कळ आली, शहापूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी मुलीला घेऊन वैशाखऱ्याला आईकडे आले, बदली सरळगावच्या बाजूला करून घेतली. वडील आधीच गेले होते. एका घरात दोन कोरी कपाळं, एक म्हातारं आणि एक तरणं.

तेव्हापासूनचं माझं गुपित म्हणजे एक टिकली. काळी, मसुरीच्या डाळीएवढी. सकाळी एसटीत बसले, ओळखीच्या माणसांचं शेवटचं गाव टोकावडे मागे गेलं, की मी पर्समधून काढून ती लावायची. शाळेत दिवसभर ती असायची. तिच्यासह आरशात मी मला ओळखू यायची, एवढंच. मुलांनी 'बाई, तुमची टिकली?' असं विचारायला नको, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. संध्याकाळी परतताना टोकावडे आलं की काढायची. नवी वाया जाऊ नये म्हणून ती फोनच्या कव्हरच्या मागे चिकटवून ठेवायची. चाळिशी उलटलेली, पोरांना 'निर्भय व्हा' असं फळ्यावर लिहून देणारी बाई बसमध्ये खाली मान घालून कपाळ खाजवल्यासारखं करते, हे दृश्य काय असेल ते तुम्हीच बघा.

वर आणखी एक गंमत. आमच्या ग्रामसभेत ठराव झाला की विधवांबद्दलच्या जुन्या रूढी गावात पाळायच्या नाहीत. वाचायला स्वच्छ आवाजाचं माणूस पाहिजे म्हणून माईक माझ्या हातात दिला. मी खणखणीत वाचला. टाळ्या झाल्या, फोटो झाला, फोटो मी स्टेटसला ठेवला. त्या फोटोत माझं कपाळ कोरं आहे. सभा गावात होती ना.

एका संध्याकाळी एसटीतून उतरून मी टपरीवर चहाला थांबले. फोन बाकड्यावर पालथा ठेवला. कमळआत्याची नजर आता अधू झाली होती, पण नेमकं नको ते तिला दिसायचं. तिने फोनकडे बोट दाखवलं.

"ही टिकली कोणाची?"

"माझी."

"मग फोनाला कशाला लावलीस? त्याचं लगीन हाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हसायचा प्रयत्न केला आणि ते जमेना. मग सगळंच बोलून टाकलं. एसटी, टोकावडे, पर्स, सगळं. ती ऐकत चहा ढवळत राहिली. शेवटी मी तिला विचारलं, आणि आता आठवलं की मलाच कळतं, मी केवढ्या आशेने विचारलं होतं. "आत्या, मी गावातही लावू का? तू सांग. तू लाव म्हणालीस तर लावते."

तिने चहा बशीत ओतला, चाखला, मला दिला.

"मी नाय सांगायची."

"का पण?"

"मी सांगितलं म्हणून लावलीस, त ती माझी व्हईल. उद्या गोदावहिनी सांगंल काढ, त काढशील. तुझ्या कपाळावं आमी दोघीनी कशाला बसायचं?"

मला राग आला. वाटलं, आयुष्यभर हिच्याकडे बघत आले आणि माझ्या वेळी ही हात झटकते. आईला दिवाळीत काय वाटलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. मी चहा अर्धा टाकून उठले. मागून तिचा आवाज आला, "चहा बरा झाला व्हता गो. तू टाकलास."

शेवटच्या वर्षात तिचा हात कापू लागला. कुंकू कधी भिवईकडे सरकायचं, कधी वर केसांत जायचं. गाडीतून उतरलेल्या पोरी एकमेकींना कोपर मारून हसायच्या. एकदा मी न राहवून तिचं कुंकू सरळ करायला हात पुढे केला. तिने मान मागे घेतली. "वाकडं लागलंय का?"

"थोडंसं."

"असूं दे. वाकडं का व्हईना, माझ्या हाताचं हाय." मग म्हणाली, "आजकाल झोपताना बी लावते."

"झोपताना कशाला?"

"सकाळी उठले नाय त तुमच्या बायांची पंचाईत नको. हिला लावायचं का नाय, हिरवं नेसवायचं का पांढरं, म्हणून मढं उन्हात ठेवाल. त्यापरीस माझं मी लावून जाते." आणि ती तोंडावर पदर घेऊन खुदखुदत हसली. तिला तसं हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

गेल्या भाताच्या कापणीच्या दिवसांत शाळेत मधल्या सुट्टीत आईचा फोन आला. कमळ उठली नाही. मी रजेचा अर्ज टेबलावर ठेवून धावत रस्त्यावर आले आणि समोर आली ती जीप पकडली. टोकावडे कधी मागे गेलं ते मला कळलंच नाही.

तिला पुढच्या खोलीत ठेवलं होतं, आईच्या वाकळीवर. अंगणात बाया आल्या होत्या, तेच अंगण, त्याच बाया, केस तेवढे पिकलेले. आंघोळ घालायची तयारी झाली होती. कपाळावर कुंकू होतं. वाकडं, डाव्या भिवईकडे ओघळलेलं, पण ताजं. ती लावून झोपली होती. एक बाई हळूच म्हणाली, "हिला काय धरायची? सवाष्ण का..." आणि वाक्य अर्धंच राहिलं, कारण सगळ्या गोदाकाकूकडे बघायला लागल्या.

गोदाकाकू आता ऐंशीच्या घरात. तिचाही नवरा गेला आहे, तिचंही कपाळ कोरं. गुडघ्यांवर हात देत ती कमळआत्याच्या डोक्याशी बसली. आईने पाण्याचा तांब्या भरून आणला आणि डोक्यावरून धार धरली, तशी गोदाकाकू एकदम बोलली.

"कपाळावं पाणी नको घालूं."

आणि तिने आपला सुरकुतलेला तळवा कमळआत्याच्या भिवयांच्या वर आडवा धरला, पाणी कुंकवाकडे येऊ नये म्हणून. तो हात त्या कपाळाला पहिल्यांदाच लागत होता. पाणी तिच्या बोटांवरून दोन्ही बाजूंना वाहून गेलं. तिने हात काढला नाही. "तिचं ती लावून आलेय," गोदाकाकू म्हणाली आणि रडायला लागली.

मी दारात उभी होते. रडता रडता गोदाकाकूने मान वर केली आणि तिची नजर माझ्या चेहऱ्यावर, जरा वर, थांबली. तेव्हा मला आठवलं. जीपमध्ये घाईत, रडण्यात, मी टिकली काढलीच नव्हती. सगळ्या गावासमोर ती माझ्या कपाळावर होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, मला आता नक्की आठवतं, नव्हता.

पण मी आठवायला थांबले नव्हते. माझा हात सवयीने वर गेला होता आणि टिकली निघाली होती. समोर एक म्हातारी मेलेल्या बाईच्या कुंकवावर हात धरून बसली होती, आणि मी, जिवंत, माझं कपाळ पुसून उभी होते.